आर अपग्रेड केल्यावर 'लायब्ररी सापडत नाही': पण नेमकी कुठली लायब्ररी?

उबुंटू अपग्रेड झालं, आर पण नवीन झालं, आणि कालपर्यंत सुरळीत चालणारी तुमची स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडकली. 'लायब्ररी(टायडीव्हर्स)' म्हटलं की पडद्यावर चार ओळींचा एरर. संशोधनाच्या वाटेवर असाल तर हा प्रसंग आज ना उद्या येणारच. उबुंटू २०.०४ चा नियमित सपोर्ट २०२५ मध्ये संपला, २२.०४ चा २०२७ मध्ये संपेल. म्हणजे पीएचडीच्या चार-पाच वर्षांत एकदा तरी हे अपग्रेड करावंच लागतं.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? एररची एक ओळ कॉपी करायची, सर्च करायचं, आणि जो पहिला उपाय दिसेल तो 'सुडो' लावून चालवायचा. नाही जमलं तर दुसरा, मग तिसरा. तासाभरात एरर जातोही कदाचित. पण आता त्या मशीनवर काय काय बदललं हे तुम्हालाच सांगता येत नाही, आणि तुमच्या प्रबंधातला तक्ता याच मशीनवर तयार होणार आहे. म्हणून या लेखात उपायांची यादी देण्यापेक्षा एक सवय सांगायची आहे: आधी विचारायचं, कोण शोधतंय, काय शोधतंय आणि कुठे शोधतंय? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की उपाय जवळजवळ आपोआप ठरतो.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

एकच शब्द, दोन अर्थ

सगळा घोळ 'लायब्ररी' या शब्दापासून सुरू होतो. आरच्या भाषेत लायब्ररी म्हणजे पॅकेज ठेवायचा फोल्डर. डीप्लायर, जीजीप्लॉट२, स्ट्रिंगआय ही पॅकेजं झाली, आणि ती ज्या कपाटात ठेवली आहेत ते कपाट म्हणजे लायब्ररी.

लिनक्सच्या भाषेत मात्र लायब्ररी म्हणजे 'शेअर्ड ऑब्जेक्ट', म्हणजे नावात '.एसओ' असलेली फाइल. अनेक प्रोग्रामना लागणारा कोड प्रत्येकात वेगळा न भरता एकाच फाइलीत ठेवायचा आणि ज्याला लागेल त्याने चालू होताना तो उचलायचा, अशी ही सोय आहे.

पहिल्या अर्थाची लायब्ररी आर शोधतं. दुसऱ्या अर्थाची लायब्ररी लिनक्सचा लोडर शोधतो. शोधणारा वेगळा, शोधायच्या जागा वेगळ्या, त्यामुळे उपायही वेगळा. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर गुण येत नाहीच, वर नवीन दुखणं मागे लागतं.

पहिला एरर: या नावाचं पॅकेज नाही

समजा तुम्ही उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर आलात आणि आर उबुंटूच्याच भांडारातून घेतलेलं आहे. २०.०४ मध्ये आर ३.६.३ मिळत होतं, २२.०४ मध्ये ४.१.२ मिळतं. आता 'लायब्ररी(डीप्लायर)' केलं की आर सांगतं, डीप्लायर नावाचं पॅकेज नाही.

पॅकेज गेलं कुठे? कुठेही नाही. तुमच्या होम फोल्डरमध्ये 'आर' नावाचा फोल्डर आहे, त्याच्या आत मशीनच्या प्रकाराचं लांबलचक नाव असलेला एक फोल्डर, आणि त्याच्या आत '३.६' नावाचा फोल्डर. तुमची सगळी पॅकेजं तिथेच सुरक्षित आहेत. नवीन आर मात्र '४.१' नावाच्या फोल्डरमध्ये बघतंय, आणि तो रिकामा आहे किंवा अजून तयारच झालेला नाही.

खात्री करायला आरमध्ये '.लिबपाथ्स()' चालवा. आर कुठल्या कुठल्या कपाटात बघतंय ते ओळीने छापून येईल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

इथे मोह होतो तो जुन्या फोल्डरमधलं सगळं उचलून नव्यात टाकण्याचा. तसं करू नका. आवृत्तीचा आकडा फोल्डरच्या नावात उगाच घातलेला नाही. ३.६ साठी तयार झालेली पॅकेजं ४.१ मध्ये चालतील असं आर मानत नाही, आणि त्याला तसं कारण आहे. योग्य उपाय साधा आहे. जुन्या फोल्डरमधल्या पॅकेजांच्या नावांची यादी काढायची आणि ती 'इन्स्टॉल.पॅकेजेस' ने नव्याने बसवायची. जुना फोल्डर लगेच पुसू नका. कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती तुम्ही वापरत होता याचा तोच पुरावा आहे.

दुसरा एरर: आर ४.०.० च्या आधी बसवलेलं पॅकेज

काही जणांना पहिला एरर येतच नाही, थेट हा येतो: हे पॅकेज आर ४.०.० च्या आधी बसवलेलं आहे, पुन्हा बसवा. असं का? तर त्यांनी पॅकेजं 'सुडो' लावून सगळ्या मशीनसाठी बसवलेली असतात. डेबियन आणि उबुंटूमध्ये अशी पॅकेजं 'युझर/लोकल' खालच्या 'साइट-लायब्ररी' फोल्डरमध्ये जातात. या फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा नसतो. म्हणून नवीन आरलाही तो दिसतो, त्यातली जुनी पॅकेजंही दिसतात, आणि ती उघडायला गेल्यावर आर नाही म्हणतं.

यावरचा उपाय आर स्वतःच देतं: 'अपडेट.पॅकेजेस' ही आज्ञा 'चेकबिल्ट' ला 'ट्रू' देऊन चालवायची. एरवी ही आज्ञा फक्त नवी आवृत्ती आली आहे का ते बघते. 'चेकबिल्ट' दिलं की पॅकेज आरच्या कुठल्या आवृत्तीखाली तयार झालं तेही तपासते आणि जुन्याखाली झालेलं असेल तर पुन्हा बसवते. अर्थात साइट-लायब्ररीत लिहायला परवानगी लागते. पुढच्या वेळी ही कटकट नको असेल तर 'सुडो' शिवाय आपल्या होम फोल्डरमध्येच पॅकेजं बसवत जा.

तिसरा एरर: एसओ फाइल उघडत नाही

आता खरा गोंधळ घालणारा प्रकार. समजा तुम्ही आर क्रॅनच्या भांडारातून घेतलं होतं. जुन्या उबुंटूवर आर ४.३ होतं, नव्या उबुंटूवरही आर ४.३ आहे. फोल्डरचं नाव तेच, '४.३'. पॅकेजं जागेवर आहेत, आरला दिसतायत. तरी टायडीव्हर्स चढत नाही. एरर म्हणतो: स्ट्रिंगआय.एसओ हे शेअर्ड ऑब्जेक्ट लोड करता येत नाही. त्याच्या खालची ओळ म्हणते: लिबआयसीयूआय१८एन.एसओ.६६ उघडता येत नाही, अशी फाइल किंवा फोल्डर नाही.

हा एरर नेहमी खालून वर वाचायचा. नवीन लोक वरची ओळ वाचतात, स्ट्रिंगआय.एसओ त्या जागी आहे का ते बघतात, फाइल तर तिथेच असते, मग डोकं धरून बसतात. हरवलेली फाइल ती नाहीच. हरवलेली फाइल शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला असते, म्हणजे इथे लिबआयसीयूआय१८एन.एसओ.६६. वरची ओळ फक्त ती कोणाला हवी होती एवढं सांगते.

साखळी अशी आहे: टायडीव्हर्सला स्ट्रिंगर लागतं, स्ट्रिंगरला स्ट्रिंगआय लागतं, आणि स्ट्रिंगआयला आयसीयू लागतं. दवाखान्यातलं आयसीयू नव्हे, ही युनिकोडचं काम करणारी लायब्ररी आहे. अक्षरं ओळखणं, शब्द तोडणं, भाषेप्रमाणे क्रम लावणं ही तिची कामं. मराठी नावांची यादी अकारविल्हे लावायची असेल, 'ळ' कुठे येतो आणि 'क्ष' कुठे येतो हे ठरवायचं असेल, तर स्ट्रिंगआयमधून हे काम शेवटी आयसीयूच करते.

उबुंटू २०.०४ मध्ये आयसीयूची ६६ वी आवृत्ती आहे, २२.०४ मध्ये ७० वी आणि २४.०४ मध्ये ७४ वी. तुमचं स्ट्रिंगआय जुन्या उबुंटूवर कंपाइल झालं तेव्हा त्याच्या पोटात लिहिलं गेलं की मला '.६६' हवी. उबुंटू बदलल्यावर ६६ गेली आणि ७० आली. तुमच्या होम फोल्डरमधल्या पॅकेजला हे कोणी कळवलंच नाही, कारण सिस्टीमचं अपग्रेड होम फोल्डरला हात लावत नाही.

'आर सीएमडी एलडीडी' ला स्ट्रिंगआय.एसओ चा पूर्ण पत्ता देऊन चालवा. त्या फाइलीला कुठल्या कुठल्या लायब्ररी लागतात आणि त्यातल्या कुठल्या सापडल्या याची यादी मिळेल. जिथे 'नॉट फाउंड' दिसेल ती हरवलेली. नुसतं 'एलडीडी' चालवलं तर काही मशीनवर आरची स्वतःची लायब्ररीसुद्धा हरवलेली दिसते, कारण ती कुठे आहे हे लोडरला आर चालू होताना सांगतं. 'आर सीएमडी' लावून चालवलं की ती खोटी घंटा वाजत नाही.

आणि एक पॅकेज मोडलं म्हणजे तेवढं एकच मोडलंय असं समजू नका. 'फाइंड' वापरून होम फोल्डरमधल्या आरच्या सगळ्या एसओ फाइली काढा, प्रत्येकीवर हीच आज्ञा चालवा आणि 'ग्रेप' ने 'नॉट फाउंड' असलेल्या ओळी वेगळ्या करा. नकाशांचं काम करत असाल तर एसएफ आणि टेरा ही पॅकेजं या यादीत हमखास सापडतील, कारण जीडॅल आणि प्रोज या लायब्ररींचे आकडेसुद्धा प्रत्येक उबुंटूबरोबर बदलतात.

आकड्याला एवढं महत्त्व का?

इथे एक उपाय सगळीकडे सुचवलेला दिसतो: ७० नंबरच्या फाइलीला ६६ नावाची लिंक करून द्या. म्हणजे पाटी बदलायची. हा उपाय का टाळायचा हे समजून घ्या.

'.एसओ' च्या पुढचा आकडा म्हणजे नुसती आवृत्ती नाही, तो एक करार आहे. लायब्ररीतल्या फंक्शनना काय द्यायचं, ती काय परत देतील, माहिती मेमरीत कुठल्या क्रमाने मांडलेली असेल, हे सगळं त्या करारात येतं. करार मोडणारा बदल झाला की आकडा वाढवायचा अशी पद्धत आहे. लोडरला करार वाचता येत नाही, तो फक्त नाव बघतो. तुम्ही पाटी बदललीत की लोडर फसतो.

आयसीयूच्या बाबतीत ही लबाडी लगेच पकडली जाते, कारण आयसीयू आपल्या फंक्शनच्या नावांनाच आवृत्तीचा आकडा जोडते. स्ट्रिंगआय '_६६' शेपूट असलेलं फंक्शन मागतं, फाइलीत '_७०' वालं असतं, आणि 'अनडिफाइंड सिम्बॉल' असा नवा एरर येतो. पण बऱ्याच लायब्ररी असं शेपूट लावत नाहीत. तिथे लिंक करून दिली की प्रोग्राम चालू होतो. मग कधीतरी मधेच कोसळतो, किंवा कोसळतही नाही आणि चुकीच्या जागेवरचा आकडा उचलतो. संशोधन करणाऱ्यासाठी हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो एरर देतच नाही.

दुसरा प्रचलित उपाय म्हणजे जुन्या उबुंटूचं आयसीयू ६६ चं पॅकेज उतरवून बसवणं. त्याने काम चालू होतं, पण त्या जुन्या लायब्ररीला पुढे सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. तिसरा म्हणजे 'एलडी लायब्ररी पाथ' हा व्हेरिएबल 'बॅशआरसी' मध्ये कायमचा लिहून टाकणं. त्याचा परिणाम फक्त आरवर होत नाही, त्या टर्मिनलमधून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामवर होतो. सहा महिन्यांनी दुसरंच काहीतरी बिघडतं आणि मूळ कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

योग्य उपाय एकच: ते पॅकेज नव्या मशीनवर पुन्हा कंपाइल करायचं, म्हणजे करार नव्याने होतो. आधी 'एपीटी' ने 'लिबआयसीयू-डेव्ह' बसवा. नुसती लायब्ररी प्रोग्राम चालवायला पुरते. कंपाइल करताना मात्र हेडर फाइली लागतात, आणि त्या 'डेव्ह' शेपटीच्या पॅकेजमध्ये असतात. मग आरमध्ये 'इन्स्टॉल.पॅकेजेस' ने स्ट्रिंगआय नव्याने बसवा आणि आर बंद करून पुन्हा उघडा.

एक बारीक गोष्ट. वर सांगितलेलं 'चेकबिल्ट' इथे कामाचं नाही. ते फक्त आरची आवृत्ती बघतं, आणि आर तर आधीही ४.३ होतं, आताही ४.३ आहे. त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. म्हणून दुसऱ्या एररचा उपाय तिसऱ्याला चालत नाही. इथे मोडलेल्या पॅकेजांची नावं देऊन ती स्वतःच बसवावी लागतात.

कोंडा वापरत असाल तर

अजून एक भाऊबंद आहे. एरर म्हणतो, लिबएसटीडीसी++.एसओ.६ या फाइलीत 'जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३०' ही आवृत्ती नाही. इथे फाइल सापडली आहे, पण सापडलेली जुनी आहे. ३.४.३० ही खूण जीसीसी १२ बरोबर आली. उबुंटू २२.०४ च्या स्वतःच्या फाइलीत ती आहे. मग जुनी फाइल आली कुठून? बहुतेक वेळा कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमधून. एका बाजूला सिस्टीमच्या आरने कंपाइल केलेली पॅकेजं आणि दुसऱ्या बाजूला कोंडाचं आर, दोघंही होम फोल्डरमधलं एकच कपाट वापरतायत असा हा प्रकार असतो.

'विच आर' चालवून बघा, चालू आहे ते आर नक्की कुणाचं? मग ठरवा: आर आणि त्याची पॅकेजं एकाच ठिकाणाहून घ्यायची, सगळं कोंडाकडून किंवा सगळं सिस्टीमकडून.

एरर गेला म्हणजे काम झालं का?

नाही. आतापर्यंतचे एरर निदान ओरडून सांगतात तरी. अपग्रेडमधले काही बदल मुकाट्याने होतात.

आर ३.६.० हे २०१९ मध्ये आलं आणि त्यात 'सॅम्पल' फंक्शनची यादृच्छिक निवड करायची पद्धत बदलली, कारण जुन्या पद्धतीत मोठ्या संचांसाठी थोडा कल राहत होता. परिणाम असा: 'सेट.सीड(४२)' देऊन १ ते १० मधून 'सॅम्पल' केलं तर जुनं आर १०, ९, ३, ६, ४, ८, ५, १, २, ७ असा क्रम देतं आणि नवीन आर १, ५, १०, ८, २, ४, ६, ९, ७, ३ असा. सीड तोच, स्क्रिप्ट तीच, एरर नाही, आणि तुमचे ट्रेनिंग आणि टेस्टचे गट पूर्ण वेगळे. तुमच्या सीनियरची २०१८ सालची स्क्रिप्ट आज चालवून त्यांच्या प्रबंधातला आकडा जुळला नाही, तर आधी हे तपासा. 'आरएनजीकाइंड' मध्ये 'सॅम्पल.काइंड' ला 'राउंडिंग' दिलं की जुनी पद्धत परत मिळते.

२०२० मध्ये आलेल्या आर ४.०.० ने दुसरा मोठा बदल केला. त्याआधी 'रीड.सीएसव्ही' अक्षरी रकान्यांचे आपोआप फॅक्टर करत असे, आता ते नुसती अक्षरंच ठेवतं. फॅक्टर गृहीत धरून लिहिलेला कोड कधी एरर देतो, कधी देत नाही.

म्हणून अपग्रेडच्या आधी अर्धा तास द्या आणि एवढं करा:

१. 'सेशनइन्फो()' आणि 'इन्स्टॉल्ड.पॅकेजेस()' ची नोंद फाइलीत ठेवा.
२. तुमच्या कामातला एक नेमका निकाल निवडा, एखादा गुणांक किंवा एखाद्या तक्त्याची एक ओळ, आणि तो सगळ्या दशांश स्थळांसकट लिहून ठेवा.
३. अपग्रेडनंतर तीच स्क्रिप्ट त्याच डेटावर चालवून तो आकडा ताडून पाहा.
४. जुळला नाही तर कारण सापडेपर्यंत नवीन विश्लेषण सुरू करू नका.

'आरएन्व्ह' वापरलंत तर पॅकेजांच्या आवृत्त्या प्रकल्पाबरोबर नोंदल्या जातात, जरूर वापरा. फक्त त्याची मर्यादा लक्षात ठेवा. ते आरची आवृत्ती नोंदवतं पण बसवत नाही, आणि आयसीयू किंवा जीडॅलसारख्या सिस्टीमच्या लायब्ररी त्याच्या हातात नसतात. तेही गोठवायचं असेल तर डॉकरसारखा कंटेनर लागतो. त्यासाठी 'रॉकर' प्रकल्पाच्या तयार इमेज मिळतात आणि त्यांवर आरच्या आवृत्तीचा आकडा असतो. संस्थेच्या क्लस्टरवर काम करत असाल आणि तुमच्याकडे 'सुडो' नसेल, तर ॲडमिनला 'माझं आर चालत नाही' असं लिहू नका. हरवलेल्या फाइलीचं नाव, ती कुठल्या पॅकेजला हवी आहे ते, आणि 'आर सीएमडी एलडीडी' चा निकाल पाठवा. उत्तर लवकर येतं.

आणि सबमिशनला महिनाभर उरला असेल तर अपग्रेडचं बटण दाबूच नका, ते काम व्हायवा झाल्यावर करा. आज फक्त एक करा: 'सेशनइन्फो()' चालवा आणि जे येईल ते प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये तारखेसकट जपून ठेवा. प्रबंधातल्या पद्धतीच्या प्रकरणात आरची आणि पॅकेजांची आवृत्ती लिहायची वेळ येईल, तेव्हा ती आठवायची गरज पडणार नाही.